कॉर्डवेनर स्मिथ वाचायला घेताना: कुठून सुरू करायचं आणि कसं पुढे जायचं

कॉर्डवेनर स्मिथ मी दोनदा अर्ध्यावर सोडला होता. कथा सुरू होते आणि पहिल्याच पानावर अशी नावं, असे शब्द येतात की आपण मधूनच कुठल्यातरी चालत्या गाडीत चढलोय असं वाटतं. काही समजावून सांगायची तसदी निवेदक घेत नाही. तिसऱ्या खेपेला मी कथांचा क्रम बदलला, वाचायची रीतही बदलली आणि मग मात्र हा लेखक मनातून गेलाच नाही. आता कुणी विचारलं, की विसाव्या शतकाच्या मध्यावरचा विज्ञानकथेचा एकच कथाकार वाचायचा तर कुठला, तर मी याचंच नाव घेतो. ज्यांना त्याच्या वाटेला जायचंय त्यांच्यासाठी हे टिपण सविस्तर लिहितो आहे.

आधी माणूस ओळखून घ्या

पुष्कळ लेखकांच्या बाबतीत चरित्र नंतर वाचलं तरी चालतं. इथे आधी वाचलेलं बरं, कारण त्याच्या कथांतल्या विचित्र वाटणाऱ्या अर्ध्याअधिक गोष्टींचं मूळ त्याच्या आयुष्यात सापडतं.

खरं नाव पॉल मायरन अँथनी लाइनबार्गर. जन्म ११ जुलै १९१३, अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात. वडील वकील, फिलिपिन्समध्ये न्यायाधीश होते आणि पुढे चिनी क्रांतीचे नेते सुन यत-सेन यांचे कायदेविषयक सल्लागार झाले. सुन यत-सेन हे पॉलचे धर्मपिता. बालपण चीन, फ्रान्स, जर्मनी असं फिरतीवर गेलं आणि मोठा होईपर्यंत मुलाला सहा भाषा येऊ लागल्या होत्या. लहानपणीच एका अपघातात उजवा डोळा गेला. २३ व्या वर्षी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची राज्यशास्त्रातली डॉक्टरेट मिळाली, नंतर ड्यूक विद्यापीठात अध्यापन केलं. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकी सैन्याच्या मानसशास्त्रीय युद्धाच्या कामात होता, १९४३ मध्ये त्यासाठीच चीनला गेला. १९४७ पासून वॉशिंग्टनमध्ये आशियाविषयक अभ्यासाचा प्राध्यापक. १९४८ मध्ये आलेलं त्याचं 'सायकॉलॉजिकल वॉरफेअर' हे पुस्तक त्या विषयातला पायाभूत ग्रंथ मानलं जातं. मलायात ब्रिटिशांना आणि कोरियात अमेरिकी आठव्या सैन्याला त्याने सल्ला दिला. ६ ऑगस्ट १९६६ रोजी बाल्टिमोरमध्ये तो गेला, वय अवघं ५३. आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत त्याला पुरलं.

कोरियातली एक हकीकत त्याच्या कथांचे संपादक जॉन जे. पियर्स यांनी नोंदवून ठेवली आहे. शरण जाणं म्हणजे नामुष्की, अशी चिनी सैनिकांची धारणा होती. लाइनबार्गरने पत्रकं काढली: हत्यार खाली ठेवताना प्रेम, कर्तव्य, माणुसकी आणि सद्गुण हे चार चिनी शब्द ओळीने ओरडा. त्या क्रमाने ते शब्द उच्चारले की इंग्रजी कानाला 'आय सरेंडर' असं ऐकू येतं. सैनिकाची लाज राखली गेली आणि जीवही वाचला. आयुष्यातल्या आपल्या सगळ्या कामांत या कामाचा त्याला सर्वांत जास्त अभिमान होता. ही हकीकत मनात ठेवूनच कथा उघडा. शब्दाचा अर्थ एक, आवाज दुसरा आणि त्या दोहोंच्या फटीतून कुणाची तरी सुटका, हे त्याच्या कथांत पुन्हा पुन्हा घडतं.

टोपणनावं त्याने बरीच वापरली. त्याच्या चिनी नावाचा अर्थ 'तेजस्वी आनंदाचं अरण्य' असा काहीसा होता. त्यावरून फेलिक्स सी. फॉरेस्ट हे नाव बेतून त्याने 'रिया' आणि 'कॅरोला' या साध्या कादंबऱ्या लिहिल्या. कारमायकल स्मिथ या नावाने 'अटोम्स्क' ही हेरकादंबरी लिहिली. विज्ञानकथेसाठी कॉर्डवेनर स्मिथ. कॉर्डवेनर म्हणजे कातड्याच्या नव्या वहाणा शिवणारा, स्मिथ म्हणजे लोहार. नाव सगळं हातकामाचं. तो हयात होता तोवर या नावामागचा माणूस फार थोड्यांना ठाऊक होता. आपल्याकडे जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, हे इथे आठवतं. विद्वान म्हणून झालेलं नाव बाजूला ठेवून नुसती गोष्ट लोकांपुढे ठेवावी, ही ओढ दोघांनाही होती.

पुस्तक निवडताना एक घोळ टाळा

'द रिडिस्कव्हरी ऑफ मॅन' या नावाची दोन वेगवेगळी पुस्तकं बाजारात आहेत. एक न्यू इंग्लंडच्या नेस्फा प्रेसने १९९३ मध्ये काढलेलं जाडजूड पुस्तक, ज्यात त्याची सगळी लघु विज्ञानकथा एकत्र आहे. दुसरं ब्रिटनच्या गोलान्झचं, ते निवडक कथांचं. १९७५ मध्ये पियर्स यांनी संपादित केलेल्या 'द बेस्ट ऑफ कॉर्डवेनर स्मिथ'चंच ते नवं नाव. मुखपृष्ठावर नाव सारखंच असल्याने ऑनलाइन मागवताना गल्लत होते. घेण्याआधी अनुक्रमणिका उघडून बघा. सुरुवातीला निवडक कथांचं पुस्तक अगदी पुरेसं आहे, त्यातच त्याच्या बहुतेक थोर कथा आल्या आहेत. विज्ञानकादंबरी एकच, 'नॉरस्ट्रिलिया'. ती आधी तुकड्यातुकड्यांनी आली आणि एकसंध रूपात १९७५ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी.

पैसे घालायच्या आधी चव घ्यायची असेल तर 'द गेम ऑफ रॅट अँड ड्रॅगन' ही कथा प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट वाचायला मिळते. मोबाइलवर तासाभरात वाचून होईल.

वाचायची रीत: आख्यान ऐकतो तसं

माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. मीही आधी इथेच चुकलो होतो.

कीर्तनात बुवा उत्तररंगाला हरिश्चंद्राचं आख्यान लावतात तेव्हा मंडपातल्या म्हाताऱ्या आजीपासून मांडीवरच्या नातवापर्यंत सगळ्यांना शेवट माहीत असतो. राज्य जाणार, डोंबाच्या घरी पाणी भरायला लागणार, तारामतीवर तलवार उगारली जाणार. तरी तो क्षण आला की मंडप स्तब्ध होतो. ऐकणाऱ्याचं लक्ष असतं ते बुवा आज कसं सांगतात याच्याकडे.

स्मिथने ही रीत चीनमधून उचलली. जुन्या चिनी कथा-कादंबऱ्यांत निवेदक श्रोत्याला हाताशी धरून सांगतो, की हे तर तुम्हाला ठाऊकच आहे, आता त्यामागचं ऐका. 'द डेड लेडी ऑफ क्लाउन टाउन' ही १९६४ मधली दीर्घकथा नेमकी अशीच सुरू होते: शेवट तुम्हाला माहीत आहे, सुरुवात मात्र माहीत नाही. भविष्यात हजारो वर्षं पुढे घडणारी गोष्ट तो त्याहूनही पुढे बसून, झालेला इतिहास सांगावा तशी सांगतो. मधेच म्हणतो, यावर पुढे नाटकं झाली, गाणी झाली, चित्रं निघाली, आणि त्यांत काय खोटं आहे तेही सांगतो.

म्हणून कथेत अनोळखी शब्द आला तर थांबू नका, शोधू नका. पुराणात 'नैमिषारण्यात' म्हटल्यावर आपण नकाशा काढून बसत नाही. 'इन्स्ट्रुमेंटॅलिटी' म्हणजे मानवजातीवर राज्य करणारं लॉर्ड आणि लेडींचं मंडळ, 'प्लॅनोफॉर्मिंग' म्हणजे अवकाश ओलांडायची युक्ती, 'स्ट्रून' म्हणजे आयुष्य वाढवणारं औषध, एवढं सुरुवातीला बस्स झालं. बाकीचं अंगवळणी पडतं.

पहिली कथा: 'स्कॅनर्स लिव्ह इन व्हेन'

ही त्याने १९४५ मध्ये लिहिली. बड्या मासिकांनी परत पाठवली आणि अखेर 'फँटसी बुक' नावाच्या अगदी छोट्या, फारसं कुणी न पाहिलेल्या नियतकालिकात १९५० मध्ये ती छापून आली. त्याच अंकात विज्ञानकथाकार आणि संपादक फ्रेडरिक पोल यांचीही एक कथा होती, म्हणून ही त्यांच्या नजरेला पडली आणि १९५२ मध्ये त्यांनी ती आपल्या संकलनात घेतली. तो अंक त्यांच्या हाती लागला नसता तर पुढचं सगळं कदाचित झालंच नसतं.

गोष्ट अशी: अवकाशात माणसाला एक असह्य वेदना होते. त्यावर उपाय म्हणून काही माणसांच्या मेंदूचं सगळं संवेदनांशी नातं तोडून टाकतात, डोळे तेवढे शाबूत ठेवतात. ऐकू येत नाही, वास नाही, चव नाही, स्पर्श नाही. छातीवर एक पेटी, तिच्यावर काटे. स्वतःचं शरीर काट्यांवर वाचून चालवायचं. हे स्कॅनर.

सुरुवातीचा प्रसंग सावकाश वाचा. मार्टेल चिडलेला आहे. खोलीतून तो अंदाजाने पाय आपटत जातो. टेबल उलटून जमिनीवर पडलेलं त्याला दिसतं, आवाज येत नाही. बायकोच्या, लूसीच्या, चेहऱ्याकडे बघून त्याला कळतं की मोठा आवाज झाला असणार. मग तो खाली वाकून बघतो: आपला पाय मोडला आहे का? दुखलं की नाही हे त्याला बघून ठरवावं लागतं. दोन-तीन वाक्यांत केवढं घर उभं राहिलं बघा. बायको शेजारी उभी आहे आणि नवरा तिच्या ओठांच्या हालचाली वाचतोय. लिहिणाऱ्याचा एक डोळा लहानपणी गेला होता, आणि त्याने असा नायक लिहिला ज्याच्यापाशी डोळ्यांशिवाय काही उरलेलंच नाही. हे लक्षात आल्यावर मी तो परिच्छेद पुन्हा वाचला, आणि तेव्हापासून दर वेळी तिथे थांबतो.

पुढे स्कॅनरांची सभा भरते. अवकाशातली वेदना टाळायचा उपाय कुणाला तरी सापडला आहे, म्हणजे आता स्कॅनरांची गरज संपली. या सभेत ते काय ठरवतात ते वाचताना कुठल्याही संघटनेच्या बैठकीला बसलेला माणूस अस्वस्थ होईल. ठराव, नियम, मतदान सगळं रीतसर, आणि निर्णय भयंकर.

मग मांजरांकडे वळा

'द गेम ऑफ रॅट अँड ड्रॅगन' १९५५ मध्ये 'गॅलेक्सी' मासिकात आली. ताऱ्यांच्या मधल्या अंधारात काहीतरी आहे. माणसाच्या मनाला ते ड्रॅगनसारखं जाणवतं आणि माणूस मरतो किंवा वेडा होतो. मांजरांना मात्र तेच उंदरासारखं वाटतं. म्हणून माणूस आणि मांजर मनाने जोडले जाऊन जोडीने लढतात. हत्यार म्हणजे प्रकाश. मांजराची चपळाई माणसात नाही, आणि काय चाललंय याची समज मांजरात नाही.

कथेचं खरं पोट लढाईत नाही. अंडरहिल हा तरुण आणि लेडी मे ही मांजर यांच्या मनांत जे गूज आहे त्यात ते आहे, आणि शेवटी इस्पितळातल्या परिचारिकेच्या नजरेत. शेवटचं पान दोनदा वाचा. घरात मांजर असेल तर तिसऱ्यांदाही वाचाल.

एक वही जवळ ठेवा

या टप्प्यावर वहीची गरज पडते. बहुतेक कथा एकाच प्रचंड काळपटावर बसवलेल्या आहेत. पियर्स यांनी मांडलेल्या कालक्रमात तो पट इसवी सन १६००० च्या आसपासच्या 'माणसाच्या पुनर्शोधा'पर्यंत (माणसाला जुन्या भाषा, आजार आणि धोके परत दिले जातात तो काळ) आणि पलीकडे जातो. पण कथा त्या क्रमाने लिहिलेल्या नाहीत आणि पहिल्या वाचनात कालक्रमाने वाचायचा हट्टही धरू नये. वहीत फक्त नाव, ते कुठल्या कथेत भेटलं आणि त्या वेळी काय चाललं होतं, एवढंच टिपा. व्होमॅक्ट हे आडनाव तुम्हाला हजारो वर्षांच्या अंतराने पुन्हा भेटेल.

नावं मोठ्याने म्हणून बघा. क्लाउन टाउनच्या कथेत एक मृत सरदारीण आहे, पांक अशाश. रोमन लिपीत ते नाव परकं दिसतं, पण मराठी जिभेवर घोळवलं की ओळखीचं होतं: पंच, षष्. पाच, सहा. हा खेळ त्याने अनेकदा खेळला आहे. गोरोके म्हणजे जपानीत पाच-सहा, लिमाओनो हवाईच्या भाषेत पाच-सहा, वीसी-कूसी फिनिशमध्ये पाच-सहा, फेम्टिओसेक्स म्हणजे स्वीडिशमध्ये छप्पन्न. स्टो ओडिन म्हणजे रशियनमध्ये एकशे एक. जेस्टोकॉस्ट या न्यायी लॉर्डचं नाव रशियन शब्दावरून आलंय आणि त्या शब्दाचा अर्थ क्रौर्य. नाव एक, स्वभाव उलटा. कोरियातली पत्रकं आठवतात ना?

आता गाभा: खालच्या माणसांच्या कथा

'द बॅलड ऑफ लॉस्ट सीमेल' (१९६२) आधी, 'द डेड लेडी ऑफ क्लाउन टाउन' (१९६४) नंतर. मधे 'अल्फा राल्फा बुलेव्हार्ड' (१९६१) घ्या. क्लाउन टाउनची कथा गृहीत धरते की सीमेल तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून हा क्रम मोडू नका.

प्राण्यांपासून घडवलेली, माणसांसारखी दिसणारी, बोलणारी, सगळं काम उपसणारी एक जमात या जगात आहे. तिला तो 'अंडरपीपल' म्हणतो. नावाच्या आधी एक अक्षर असतं, त्यावरून मूळ प्राणी कळतो: मांजराला सी, कुत्र्याला डी, बैलाला बी. ती आजारी पडली तर औषधपाणी करण्यापेक्षा मारून दुसरी घडवणं सोपं. इस्पितळं खऱ्या माणसांसाठी. अमेरिकेत वर्णभेदाविरुद्धचा लढा ऐन भरात असतानाची ही वर्षं आहेत. मराठी वाचकाला मात्र हे वाचताना पाणवठा आठवतो, गावकुसाबाहेरची वस्ती आठवते. जन्मावरून ठरलेला दर्जा आणि नावातच कोरलेली ओळख यांचा अर्थ आपल्याला तळटीप देऊन सांगावा लागत नाही.

सीमेलचं नाव लाइनबार्गरच्या घरातल्या मेलानी नावाच्या मांजरीवरून आलं आहे. कथा मांजरकन्या सीमेल आणि लॉर्ड जेस्टोकॉस्ट यांची. दोघं मिळून खालच्या माणसांसाठी काहीतरी मिळवतात, आणि एक गोष्ट तिच्या मनात कायमची राहून जाते. क्लाउन टाउनची कथा त्याच्या कितीतरी आधी घडते. डी-जोन ही कुत्र्यापासून घडलेली लहान मुलगी; नाव ऐकताच जोन ऑफ आर्क आठवावी अशीच योजना आहे. ती आणि तिचे लोक हत्यारं न घेता रस्त्यावर उतरतात आणि समोर येईल त्या माणसाला सांगत जातात की आमचं तुमच्यावर प्रेम आहे. त्यांचं काय होणार हे निवेदक आधीच सांगून टाकतो. तरी ती मिरवणूक वाचताना माझा घसा प्रत्येक वेळी दाटतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या कथांतल्या काही बायका, विशेषतः त्यांच्या रूपाची वर्णनं, आज खटकतात. सीमेलचा पेशाच पाहुण्यांचं मनोरंजन करण्याचा आहे. लेखक तिला मान देतो, पण त्या काळाचा डोळाही दिसतो. ते डोळ्याआड करू नका आणि त्यासाठी पुस्तकही मिटू नका.

'शायोल' कधी वाचायची

'अ प्लॅनेट नेम्ड शायोल' (१९६१) ही माझ्या मते त्याची सर्वांत ताकदीची कथा, पण सुरुवातीला देऊ नये. शिक्षेच्या ग्रहावर कैद्यांच्या अंगावर जादा अवयव उगवतात, ते कापून इतर जगांतल्या रुग्णांसाठी पाठवले जातात. कैद्यांची काळजी घेणारा बी-डिक्कट हा बैलापासून घडलेला. अख्ख्या कथेत त्याच्याइतका माणुसकीचा जीव दुसरा नाही. रात्री झोपण्याआधी वाचू नका. एका बैठकीत, दिवसा वाचा.

'मदर हिटन्स लिटुल किटन्स' हलकी, चोरीची गोष्ट आहे, शायोलनंतर उतारा म्हणून बरी. 'क्वेस्ट ऑफ द थ्री वर्ल्ड्स' मागे ठेवलंत तरी चालेल.

शेवटी 'नॉरस्ट्रिलिया'

उत्तर ऑस्ट्रेलियाच्या वंशजांचा रुक्ष ग्रह, तिथल्या आजारी प्रचंड मेंढ्यांपासून मिळणारं स्ट्रून, आणि एका रात्रीत पृथ्वी विकत घेणारा मुलगा, रॉड मॅकबॅन. लाइनबार्गर काही काळ कॅनबेरात राहिला होता, तिथली माती या कादंबरीला लागली आहे. पृथ्वीचा हा मालक पृथ्वीवर येतो तो जीव वाचवण्यासाठी मांजरमाणसाच्या वेषात, आणि त्याची बायको म्हणून शेजारी चालते सीमेल. त्याला पृथ्वीवरून हवं असतं ते केप ऑफ गुड होपचं एक जुनं त्रिकोणी टपाल तिकीट. आधीच्या कथा वाचलेल्या असतील तर रस्त्यावर त्याला मिळणारी वागणूक वाचताना आपण कुणाच्या जागी उभे आहोत ते चटकन कळतं.

कुणाला मराठीत आणायचं असेल तर

भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरचं पुढचं कॅलेंडर वर्ष धरून ६० वर्षं हक्क राहतो. लाइनबार्गर १९६६ मध्ये गेला; म्हणजे त्याने एकट्याने लिहून हयातीत छापलेल्या कथांचा हक्क भारतात २०२६ अखेर संपतो. पत्नी जेनेव्हीव्हबरोबर मिळून लिहिलेल्या कथांना तिच्या १९८१ मधल्या मृत्यूपासून मोजावं लागेल, मरणोत्तर छापलेल्यांचा हिशेब आणखी वेगळा. परदेशातले हक्क निराळे असतात, त्यामुळे इंटरनेटवर टाकण्याआधी जाणकाराला विचारा.

भाषांतराची तयारी आजपासून करता येईल. 'अंडरपीपल'ला मी आधी 'उपमानव' लिहिलं होतं. तो शब्द जीवशास्त्राच्या तासातला वाटला. 'अधोजन' पोथीतला झाला. शेवटी 'खालची माणसं' यावर थांबलो. तो शब्द आपल्याकडे लोक खरोखर वापरतात, आणि तो उच्चारताना आवाज कसा बदलतो हे सगळ्यांनी ऐकलेलं आहे. सीमेलच्या कथेच्या आरंभीचं चार ओळींचं यमकबद्ध पद मात्र अजून जमलेलं नाही. अर्थ सहज येतो, पण मग ठेका सुटतो. एकदा ते ओवीच्या चालीवर म्हणून बघितलं, तेव्हा पहिल्या दोन ओळी बसल्या. पुढच्या दोन ओळींवर काम चालू आहे.